कळप कोण बांधतो?

लहानपणी सत्तरीतल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की आजोबा कोळसुंद्यांच्या गोष्टी सांगत. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. हे कुत्रे झुडपांवर मुततात, ते डोळ्यांत गेलं की सांबर आंधळं होतं, मग टोळीचा म्होरक्या खूण करतो आणि सगळे तुटून पडतात. मोठेपणी आंधळेपणाची गोष्ट मागे पडली, पण म्होरक्याची मी बरीच वर्षं खरी मानली. कारण शास्त्रज्ञही तेच म्हणत होते.

१९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर निबंध प्रसिद्ध केला. कुंपणात कोंडलेले, सोडून जायला वाट नसलेले हे लांडगे मानासाठी एकमेकांशी झगडत. त्यावरून कळप म्हणजे वर्चस्वाची उतरंड आणि सगळ्यांत वरचा तो ‘आल्फा’, ही समजूत रूढ झाली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ती सर्वदूर पोचवली.

गंमत पाहा, ती खोडून काढली तीही मेक यांनीच. १९८६ पासून कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समिअर बेटावर त्यांनी अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले. तिथे त्यांना दिसलं ते साधं घर. आई, बाप आणि त्यांची पोरं. पोरं वयात आली की जोडीदार शोधायला निघून जातात. १९९९ साली त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं, आणि जुन्या पुस्तकाची छपाई बंद व्हावी म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ती थांबली २०२२ मध्ये!

मग घरातल्यांनी किती वेळ एकत्र काढायचा, हे कोण ठरवतं? याचं उत्तर मला इथिओपियातल्या बाले पर्वतावरच्या लांडग्यांनी दिलं. क्लाउदिओ सिलेरो-झुबिरी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचा अभ्यास केला आहे. या लांडग्यांचं खाणं म्हणजे मुख्यतः उंदीर. उंदीर मारायला चौघे लागत नाहीत आणि तो चौघांना पुरतही नाही. म्हणून दिवसा जो तो एकटा फिरतो. पण पहाटे आणि संध्याकाळी सगळे जमतात, एकमेकांना भेटतात, मिळून हद्दीवर फेरी मारतात आणि रात्री जवळजवळ झोपतात. पोटासाठी वेगळे, हद्द राखायला आणि पिल्लं वाढवायला एकत्र.

आपल्या कोळसुंद्यांचं गणित निराळं. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते ७८ या काळात कर्नाटकातल्या बंडीपूरला त्यांचा मागोवा घेतला. तिथे त्यांचं मुख्य भक्ष्य चितळ. एवढं जनावर एकट्याला जड, म्हणून शिकार मिळून. आणि तरीही, बिळात पिल्लं असली की सगळे निघत नाहीत. एखाद-दुसरा राखणीला थांबतो. शिकारीहून परतलेले मांस ओकून पिल्लांना भरवतात, केवळ आईबापच नव्हे, कळपातले इतरही.

हे ठाऊक नसताना आपण काय केलं? ब्रिटिश अमलात रानकुत्रा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. काही भागांत ही पद्धत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत चालू होती. मेलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एका घरातला शिकारी कमी झाला, नाहीतर राखणदार. उरलेल्यांनी शिकारीला जायचं की पिल्लांपाशी थांबायचं? आज म्हादई आणि मोलेच्या रानात कोळसुंदे आहेत, ते या साऱ्यातून वाचलेल्यांचे वंशज.

आता थोडं घरचं सांगतो. आजोबा गेले आणि आमचं एकत्र घर फुटलं, असं मी आजवर म्हणत आलो. म्होरक्या गेला, कळप विस्कटला! या लांडग्यांविषयी वाचल्यावर मात्र हिशेब नव्याने मांडला. एकट्या बागायतीवर सगळ्यांचं भागेना, म्हणून एक काका वास्कोला गेले, एक म्हापशाला, एक आखातात. कोणी कोणाशी भांडलं नव्हतं. चवथीला आजही सगळे गावच्या घरी येतात, माटोळी बांधतात आणि पोरांना आळीपाळीने सांभाळतात.

घर फुटलं नाही. एकत्र राहण्याची वेळ तेवढी बदलली. हे आजोबांना सांगायला हवं होतं.