पाटण्याचा फेरा

आमचा हा फेरा ठरलेला आहे. श्रावणात पाऊस जरा उघडला की सकाळी चाळीसगावहून पाटण्याला यायचं. गावातून कपाशी आणि मक्याच्या बांधांवरून डोंगरी नदीच्या कडेकडेने चालत पाटणादेवी गाठायची, देवीच्या मागे नाल्यानाल्यानं केदारकुंडापर्यंत जायचं, आणि येताना कन्हेरगडाच्या पायथ्याचं महादेवाचं हेमाडपंती देऊळ करून पुन्हा गावात. सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा. दिवस कसा जातो कळत नाही.

शेतं संपतात आणि सातमाळ्याचे डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. साग, पळस, सालई... हे आता गौताळा औट्रम घाट अभयारण्यात मोडतं. अभयारण्य जाहीर झालं ते १९८६ साली. बिबट्याचं जंगल आहे, तेव्हा उजेड आहे तोवर परतायचं. पण मला इथं चालताना जनावरापेक्षा दुसरीच गोष्ट डोक्यात असते. या जंगलाच्या तोंडाशी एकेकाळी भरली बाजारपेठ होती. नावच बघा ना, पाटण म्हणजे शहर!

१८६५ साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी देवीच्या देवळातला एक शिलालेख उजेडात आणला. ९ ऑगस्ट १२०७, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. त्या पर्वावर निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजानं इथल्या एका मठाला दान दिलं. मठ स्थापला होता चांगदेवानं (योगी चांगदेव नव्हे!). हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू. मठ कशासाठी, तर आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणी' वगैरे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून.

मी याच तालुक्यातल्या शाळेत शिकलो. भास्कराचार्य आम्हाला होते, पण ते लीलावतीच्या लग्नाचे आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याचे. ही गोष्ट फैजीनं 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं १५८७ साली, त्यात येते. म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. घरापासून वीस किलोमीटरवरचा दगड मात्र आम्हाला कुणी सांगितला नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

कारण त्या दगडावरचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. आधीची वंशावळ आणि राजस्तुती संस्कृतात. पण पैशांचा व्यवहार आला की भाषा बदलते. ज्यांनी द्यायचं त्यांना कळायला नको का! या पाटणात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे तेलाचे घाणे चालतील त्यांनी दर घाण्यामागे पळी पळी तेल. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे : इथं जे मोजायचं ते मठाच्या मापानं मोजायचं, मोजणावळीतली अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला.

'लीलावती' उघडलीत तर सुरुवातीलाच काय आहे? नाणी, वजनं, लांबीची आणि धान्याची मापं. ती शिकवणाऱ्या मठाचं माप बाहेर बाजारात चालत होतं. ग्रहांची गती शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात कदाचित याच घाण्यांचं तेल जळत असेल (हा माझा तर्क, दगडावर नाही). ज्यांना त्रिज्या आणि ज्या यातलं अक्षर कळत नव्हतं अशा तेल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी हे शिक्षण पोसायचं होतं. त्यांना कुणी विचारलं होतं असं मात्र नाही. राजानं सांगितलं, त्यांनी दिलं.

केदारकुंडाशी भाकरी सोडली की आमच्यात हमखास वाद होतो : भास्कराचार्य इथलेच का? आमच्या एका मित्राचा तर हा जन्मसिद्ध हक्क आहे. स्वतः आचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं 'विज्जडविड' म्हणून सांगितलंय, आणि ते कुठलं यावर कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी पाटण. शिलालेख एवढंच सांगतो की त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला जैत्रपाल यादवानं 'या गावातून' नेलं. म्हणजे मुलाचं घर इथं होतं, हे पक्कं. वडिलांचंही असेल. पण 'असेल'चं 'आहे' करायला माझी जीभ रेटत नाही, गणित्याच्या बाबतीत तर नाहीच. मित्र रुसतो, मग शेवटची भाकरी त्याला द्यावी लागते.

महादेवाच्या देवळाशी येईतो ऊन कललेलं असतं. हे देऊळ मठाच्याही आधीचं, ११५३ सालचा लेख आहे तिथं. इंद्रराज निकुंभानं बांधायला घेतलं, तो गेल्यावर राणी श्रीदेवीनं पुरं केलं. देऊळ उभं आहे. मठ कुठं होता, ती जागा मला दाखवता येणार नाही. घाणे तर नाहीतच.

गावात शिरताना कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही चहा घेतो. समोर गोडेतेलाच्या पिशव्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीवर माप छापलेलं. मित्र तिकडे बोट दाखवून म्हणतो, ''बघ, मठाचं माप.'' आणि चहाचे पैसे मला द्यायला लावतो.