‘सीता स्वयंवर’ झालंच नसतं तर?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून आपण जर-तरच्या गोष्टी उडवून लावतो. पण इतिहासात एखादा ‘जर’ विचारून बघितला, की जे घडलं त्याची किंमत कळते. असा एक ‘जर’ आपल्याच जिल्ह्यातला आहे.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे खेळ कानडी. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले आणि आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ झालं. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण.

आता समजा, आप्पासाहेबांनी बिदागी देऊन मंडळींना वाटेला लावलं असतं तर? नाटक मराठीत आलंच नसतं असं नाही. मुंबईत ग्रँट रोडला नाटकगृह होतंच, पुढे पारशी मंडळींनी तिथे जम बसवला. पण मग मराठी नाटक शहरी धंदा म्हणून जन्मलं असतं, आणि आपल्याकडे बऱ्याच उशिरा पोचलं असतं.

दुसरा ‘जर’ याहून महत्त्वाचा. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि भाव्यांचा राजाश्रय गेला. मंडळी जगवायची म्हणून ते गावोगाव फिरले, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केले. राजाश्रय टिकला असता, तर नाटक कदाचित वाड्यातच राहिलं असतं. वाड्यातला खेळ धन्याच्या मर्जीने चालतो. तिकिटाच्या खेळाचा धनी प्रेक्षक! मनोरंजन राजकारणाच्या वाटेला लागलं ते इथून.

त्याचं फळ सांगलीच्याच माणसाने दाखवलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. १९०७ मध्ये त्यांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीत भारतमाता. युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे सांगावं लागलं नाही. १९०८ मध्ये टिळक तुरुंगात गेले तरी प्रयोग चालू होते. ज्याला ‘केसरी’ वाचता येत नव्हता त्यालाही भीम कळत होता. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नुसत्या करमणुकीला कुणी एवढं भीत नाही.

मात्र सगळं श्रेय नाटकाला देऊन मोकळं होऊ नये. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ने (१८९९) म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याची लोकांना लाज वाटायला लावली. पण १९२९ चा ‘शारदा कायदा’ त्या नाटकावरून आला, असं जे सांगतात ते खरं नाही. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पुढची पायरी चढले. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. भाव्यांच्या नाटकात देव होते, अण्णाभाऊंच्या वगात कामगार आणि शेतमजूर आले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्यांच्या डफावर गावोगाव पोचली, आणि १ मे १९६० ला राज्य झालं.

आता आपल्या जतकडे बघू. डफळ्यांचं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, मग आपण ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात आलो, त्याचंच पुढे सांगली झालं. भाषेवरून आपली ओढाताण मात्र संपली नाही. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तालुक्यातल्या गावांवर दावा सांगितला, आणि पाण्याचा प्रश्न पुन्हा भाषेच्या प्रश्नात गुंतला. पाणी कानडी पिकालाही लागतं आणि मराठी पिकालाही, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

अशा वेळी एक गोष्ट पोराबाळांना जरूर सांगावी. ज्या रंगभूमीने मराठी माणसाला मराठीपणाचा अभिमान दिला, ती कानडी खेळ बघून उभी राहिली. खेळ परक्या भाषेतला म्हणून आप्पासाहेब उठून गेले नाहीत. बघितला, आवडला, आणि आपल्या भाषेत करून घेतला. आपल्या सोसायटीत एका जिन्यावर मराठी आणि दुसऱ्यावर कानडी ऐकू येतं. पुढच्या गणेशोत्सवात मुलांचं एखादं नाटुकलं दोन्ही भाषांत बसवायला काय हरकत आहे?