पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स: माहिती मागणाऱ्याच्या माहितीचा इतिहास

समजा, तुम्ही कोलकात्यात बालीगंजला राहता. शेजारच्या इमारतीला जादा मजल्यांची परवानगी कोणी दिली, हे तुम्हाला महापालिकेला विचारायचे आहे. माहिती अधिकाराच्या अर्जावर तुम्ही घर क्रमांक, रस्ता, ७०००१९ हा पिनकोड आणि मोबाइल नंबर लिहिता. पिनचे पहिले तीन अंक पत्राला कोलकात्यात आणतात, शेवटचे तीन बालीगंजच्या पोस्टात. तिथून दारापर्यंत घर क्रमांक नेतो. पोस्टमनला नेतो, तसा बिल्डरच्या माणसालाही. त्यासाठी कोणाला काही हॅक करावे लागत नाही. अर्जाची झेरॉक्स पुरते.

हा धोका कायदा करणाऱ्यांना अगदीच दिसला नव्हता असे नाही. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या या कायद्याचे कलम ६(२) मुळातून वाचा. अर्जदाराला कारण विचारायचे नाही आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडे वैयक्तिक तपशील मागायचा नाही, असे ते सांगते. पण 'संपर्कासाठी लागेल' म्हणजे किती? कार्यालयांनी सवयीने अर्थ लावला: घरचा पूर्ण पत्ता.

दरम्यान माणसे मरत होती. १३ जानेवारी २०१० रोजी पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनीचे गैरव्यवहार त्यांनी याच कायद्याच्या आधारे बाहेर काढले होते. शेट्टी गावात सर्वांच्या ओळखीचे होते, पत्ता लपवून ते वाचले असते असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला गाठता येते, हे त्या खुनाने सगळ्यांना दाखवून दिले.

कोलकात्याचे अभिषेक गोयंका यांनी हाच मुद्दा कलकत्ता उच्च न्यायालयात नेला. २० नोव्हेंबर २०१३ च्या आदेशात न्यायालयाने मान्य केले की अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला असेल, तर अधिकाऱ्याने राहत्या घराच्या तपशिलाचा आग्रह धरू नये. त्यात खरोखर अडचण असेल तर तपशील मागावा. मात्र मग तो लपवणे, विशेषतः संकेतस्थळावर येऊ न देणे, हे त्या कार्यालयाचे कर्तव्य. केंद्राच्या कार्मिक विभागाने जानेवारी २०१४ मध्ये हा आदेश सर्वत्र कळवला.

या आदेशातला विचार तुम्हा अभियांत्रिकीवाल्यांनी नीट पाहावा. पत्र पोहोचणे आणि माणूस सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्ट बॉक्स पहिली साधतो, दुसरी टाळतो. आमच्याकडे प्रकल्पाचा फॉर्म बनवताना मुले सर्रास जन्मतारीख, पत्ता, दोन-दोन मोबाइल नंबर मागतात. का, विचारले तर 'असू दे, सर'.

हे 'असू दे' किती महाग पडते, ते मुंबईत दिसले. अर्जदाराचे नाव, पत्ता, ई-मेल, फोन संकेतस्थळावर टाकू नयेत, असे कार्मिक विभागाने २०१६ मध्ये पुन्हा बजावले होते. तरीही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे तपशील दिसत होते, साकेत गोखले यांचेही. २०२० मध्ये एका वेगळ्या वादामुळे गोखले चर्चेत आले आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. आपला पत्ता व नंबर लोकांना तिथून मिळाला, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंत्रालयाची चूक मान्य करून त्यांना २५,००० रुपये खर्चापोटी द्यायला लावले. नुकसानभरपाई हवी असेल, तर दिवाणी दावा वेगळा. मंत्रालयाने तपशील काढून टाकले होते, पण फोन येऊ लागल्यानंतर.