४जी२

डेंगी आणि त्याच्या कुळातील (फ्लॅव्हिव्हायरस) विषाणूंचे आवरण-प्रथिन, म्हणजे ई प्रथिन, ओळखणारे उंदराचे मोनोक्लोनल प्रतिपिंड. प्रकार आयजीजी२ए. ते स्रवणाऱ्या संकरपेशीचे नाव डी१-४जी२-४-१५. एटीसीसी या अमेरिकी पेशीसंग्रहातील क्रमांक एचबी-११२.

उगम : कोलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ साली संकरपेशींचे तंत्र दिले. ते वापरून वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतील हेंचल व सहकाऱ्यांनी डेंगीविरुद्ध प्रतिपिंडांचा एक संच तयार केला (१९८२). त्यातले ३एच५ केवळ डेंगी-२ ओळखते, २एच२ डेंगीचे चारही प्रकार आणि ४जी२ जवळजवळ सारे कूळ.

बंधस्थान : ई प्रथिनाच्या दुसऱ्या खंडाच्या टोकाचा संमीलन-पाश (अमिनो आम्ले ९८ ते १११). विषाणूला पेशीत शिरण्यासाठी हा भाग अपरिहार्य असल्याने तो कुळात फारसा बदललेला नाही. म्हणूनच झिका, वेस्ट नाइल व जपानी मेंदूज्वराच्या विषाणूंनाही ४जी२ चिकटते. गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूत मात्र १०४ व्या जागी ग्लायसिनऐवजी हिस्टिडिन असते. त्या गटात ते आधी पडताळून वापरावे.

वापर : फोकस चाचणीत याची खरी किंमत कळते. डेंगीचे अनेक रुग्णजन्य वाण पेशीथरात स्पष्ट प्लाक पाडत नाहीत, त्यामुळे विषाणू मोजायचा कसा हा प्रश्न उरतो. संसर्गित थरावर कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजचा दाट द्राव घालतात, म्हणजे विषाणू शेजारच्याच पेशींत पसरतो. काही दिवसांनी थर स्थिर करून, पेशीपटल सच्छिद्र करून ४जी२ सोडतात. नंतर एंझाइम जोडलेले उंदीरविरोधी प्रतिपिंड आणि रंगद्रव्य. उठलेले ठिपके मोजायचे. थर बहुधा व्हेरो पेशींचा किंवा डासाच्या सी६/३६ पेशींचा असतो. सी६/३६ चे मूळ पुण्याचे आहे : के. आर. पी. सिंग यांनी विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) १९६७ साली वाढवलेल्या एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींतून इगाराशी यांनी १९७८ साली हा क्लोन वेगळा केला. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शन, फ्लो सायटोमेट्री व एलायझा यांतही ४जी२ रुळलेले आहे.

दक्षता : वेस्टर्न ब्लॉटसाठी नमुन्यात डायथायोथ्रायटॉल किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालू नये, डायसल्फाइड बंध तुटले की पाशाचा आकार मोडतो आणि पट्टी फिकी पडते किंवा दिसतच नाही. असंसर्गित पेशींचे नियंत्रण प्रत्येक वेळी हवेच. उंदराच्या ऊतीवर दुय्यम प्रतिपिंड ऊतीतल्याच प्रतिपिंडांना चिकटून खोटी चमक देते. ४जी२ ने दिलेला ठिपका कूळ सांगतो, विषाणूचे नाव सांगत नाही. केवळ त्यावरून ‘डेंगी’ असा निष्कर्ष लिहिणे चूक आहे.

निष्प्रभीकरण : बहुतेक प्रयोगांत क्षीण. परिपक्व कणात पाश बराचसा झाकलेला असतो. एफसी ग्राहक असलेल्या के५६२ पेशींत ते संसर्ग उलट वाढवते.

रुग्णनिदान : प्रकार ठरवण्यासाठी अयोग्य, त्यासाठी आरटी-पीसीआर.