ओबरलिन संगीत विद्यालय

अमेरिकेतील ओहायो राज्यातले, मुख्यतः पदवीपर्यंतचे शिक्षण देणारे संगीत विद्यालय. १८६५ मध्ये ते सुरू झाले आणि १८६७ मध्ये ओबरलिन कॉलेजचा भाग बनले. या जोडणीचे मोल अभ्यासक्रमापेक्षा प्रवेशाच्या इतिहासात अधिक दिसते. कॉलेजने १८३५ पासूनच कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले होते. त्यामुळे संगीताचेही दार त्यांच्यासाठी उघडले. कृष्णवर्णीय संगीतकार रॉबर्ट नॅथॅनिएल डेट यांनी १९०८ मध्ये येथून संगीताची पदवी घेतली. येथेच क्नायझल या तंतुवाद्य-चतुष्टकाने वाजवलेली चेक संगीतकार द्व्होर्झाक यांची रचना ऐकताना त्यांना आजीची भक्तिगीते आठवली आणि पुढे त्याच गीतांवर त्यांनी आपले वृंदगायन उभारले. निव्वळ तंत्र घोटवणाऱ्या शाळेत हे घडणे अवघड होते.

कॉलेजशी जोडलेल्या अशा विद्यालयात इतर विषयांत वेळ गेला की रियाज मागे पडतो, हा आक्षेप गंभीर आहे. मात्र येथे रियाजाचे तास कापलेले नाहीत, काळ वाढवला आहे: संगीत आणि कला-विज्ञान अशा दोन पदव्या साधारण पाच वर्षांत मिळतात, आणि संगीतासाठी प्रत्यक्ष वादन-गायनाची स्वतंत्र प्रवेशचाचणी द्यावीच लागते. पदव्युत्तर विद्यार्थी फारच थोडे असल्याने वाद्यवृंदातल्या पुढच्या जागा आणि ज्येष्ठ प्राध्यापकांची तालीम पदवीच्या मुलांनाच मिळते. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी यांनी रचलेल्या संकुलात सरावासाठी सुमारे दीडशे खोल्या आहेत. जादा वर्षाच्या शुल्काचा आक्षेप मात्र खरा आहे. शिष्यवृत्तीविना तो मिटत नाही.