शिंग, सरस आणि बांबू

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाला हरवलं. खान मारला गेला, गाव फत्तेखेर्डा झालं. तोफा-बंदुका होत्याच, पण मुघली स्वाराच्या कमरेला तेव्हाही भाता असायचा.

त्याची कमान म्हणजे भारी डिझाईन! मध्ये लाकूड, तिरंदाजाकडच्या बाजूला दाब सोसायला म्हशीचं शिंग, पाठीवर ताण सोसायला जनावराच्या स्नायूंचे तंतू, सगळं सरसाने चिकटवलेलं. दोरी उतरवली की कमान उलटी वळायची. एक थर चढवा, वाळू द्या, मग पुढचा. महिनोन्‌महिने! (रिलीज डेट विचारणाऱ्या मॅनेजरला हे कोण सांगणार?) पण सरसाचं आणि दमट हवेचं वाकडं. म्हणून आपल्याकडे पोलादी कमानीही निघाल्या. मारा कमी, पण पावसाळा सोसणाऱ्या. पुढे बंदुकीने दोन्ही संपवल्या. कच्छचे कमानगर तर भिंतीवर चित्रं काढू लागले.

जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोदच्या वर, सातपुडा सुरू होतो. सातपुड्यातल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. मला विचाराल तर हे डिझाईन जास्त हुशार. दोरी तुटली? बेटातला दुसरा बांबू तोडायचा.