काठी कोणत्या हातात?

मावशी पाण्याची कळशी नेहमी डाव्या कडेवर घ्यायची. दुखायचाही तिचा डावाच खुबा. आम्ही पोरी तिच्यावर ओरडायचो, "अगं मावशी, दुखतंय त्याच बाजूला वजन कशाला?" ती म्हणायची, "उजवीकडं घेतली की जीव जातो." साताऱ्याकडच्या त्या गावात विहिरीपासून घरापर्यंत चढ होता आणि मावशी प्रत्येक पावलाला डावीकडं झुकत, डुलत तो चढायची. आम्हाला ती हट्टी वाटायची.

पुढं मी परळला केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी शिकायला गेले. पोलिओनं अधू झालेल्या मुलांना पायावर उभं करणारी माणसं हवी होती, म्हणून १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं तिथं हे विद्यालय सुरू झालं होतं. पेशंटला पाठमोरं उभं करायचं, दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर टेकवायचे आणि एक पाय उचलायला सांगायचं, हा आमचा सुरुवातीचा धडा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर दोष त्या पायात नसतो. टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू, ग्लुटियस मिडियस, कमी पडत असतो.

ही खूण ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाच्या नावानं ओळखली जाते. जन्मतःच खुबा निखळलेली मुलं बदकासारखी का चालतात, हा त्याचा प्रश्न होता. मांडीच्या हाडाचं डोकं पावलागणिक वर सरकतं म्हणून, असा तेव्हा समज. त्यानं पेशंटना उघड्या अंगानं, पाठमोरं चालायला लावलं आणि नुसतं पाहिलं. हाड सरकणं हे कारण नव्हतंच. स्नायूला कंबर तोलून धरता येत नव्हती. त्यानं हे मांडलं तो लेख १८९५ च्या जानेवारीतला. रोंटगेनला क्ष-किरण सापडले ते त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. डोळ्यांनी पाहण्याचं एवढं मोल दुसऱ्या कुठल्या धड्यानं मला पटवलं नाही. मावशीसारखं दुखऱ्या बाजूला झुकून चालणं फ्रान्सच्या द्युशेननं त्याच्याही आधी, १८६७ च्या ग्रंथात नोंदवलं होतं.

खुब्यावर नेमका किती भार येतो, याचं गणित आखेनच्या फ्रीडरिश पाउवेल्सनं मांडलं. मांडीच्या हाडाची मान मोडते त्याबद्दलचं त्याचं पुस्तक १९३५ चं. आमच्या बाईंनी ते फळ्यावर तराजू काढून शिकवलं. ६० किलोची बाई एका पायावर उभी आहे. टेकलेला पाय सोडला तर साधारण ५० किलो शरीर खुब्याच्या खोबणीवर तोललं जातं. पण ते वजन सांध्यापासून लांब, शरीराच्या मध्याकडं. स्नायूची दोरी मात्र सांध्याला लागून, तिपटीनं जवळ. म्हणून तोल राखायला स्नायूला १५० किलोचा जोर लावावा लागतो. वरचे ५० आणि हे १५०, असा २०० किलोचा भार एका सांध्यावर! बाईंनी आकडा लिहून खडू खाली ठेवला आणि मला मावशीची कळशी आठवली. डाव्या कडेवर घेतली की अंगाचा भार डाव्या सांध्याच्या जवळ सरकायचा आणि दुखऱ्या स्नायूचं काम हलकं व्हायचं. उजव्या कडेवरची तीच कळशी त्याला दामदुपटीनं ओढायला लावायची. डावीकडं झुकून चालणंही त्याचसाठी. मावशीनं हे गणित अंगानं सोडवलं होतं.

चुकली ती काठीच्या बाबतीत. साठीनंतर तिनं काठी घेतली आणि डाव्या हातात धरली. पुष्कळ जण तसंच, दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. पाउवेल्सचा तराजू उलट सांगतो. उजवा हात डाव्या खुब्यापासून लांब असतो, म्हणून तिथून दिलेला छोटा रेटाही मोठं काम करतो. फळ्यावरच्या हिशोबात हाताचा एक किलो खुब्यावरचे दहा किलो उतरवतो. चालत्या माणसात एवढं साधत नाही, पण दिशा तीच. स्वीडनच्या रायडेलनं १९६६ मध्ये आणि नंतर बर्लिनच्या बेर्गमाननं कृत्रिम खुब्यांतच मोजयंत्रं बसवून प्रत्यक्ष भार मोजला. साध्या चालीत तो शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास निघाला आणि ठेच लागून तोल गेला तेव्हा सात-आठपट.

म्हणूनच "वजन कमी करा" एवढंच सांगून पेशंटला घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. मावशीलाही एका दवाखान्यात तेवढंच ऐकवलं गेलं आणि ती अपराध्यासारखी परत आली. पाच किलो उतरले तर पावलागणिक बारा-तेरा किलो हलके होतात, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं हिशोब धरला असता. ती बाजारचा हिशोब तोंडी करणारी बाई होती. आणि स्नायूबद्दल तर कुणी बोललंच नाही. दुखऱ्या सांध्याभोवतीचा स्नायू वापराविना रोडावतो, मग तोल आणखी जातो, दुखणं आणखी वाढतं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून हळूहळू उचलायचा, एवढ्या व्यायामानं सुरुवात होते.

काठीची लाज हे आणखी एक दुखणं. अमेरिकेत मिलवॉकीच्या वॉल्टर ब्लाउंट या अस्थितज्ज्ञानं १९५६ मध्ये, काठी फेकून देऊ नका, असं शीर्षकच देऊन लेख लिहिला. तो मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावला.

मावशीची काठी मी तिच्या एकाहत्तराव्या वर्षी उजव्या हातात दिली. चार दिवस ती अडखळली, पाचव्या दिवशी देवळापर्यंत जाऊन आली. तुमच्या घरात कुणाचा खुबा दुखत असेल, तर आजच बघा: काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात हवी, हात खाली सोडल्यावर तिची मूठ मनगटाशी यायला हवी आणि काठी दुखऱ्या पायाबरोबरच पुढं पडायला हवी.